ओल्या मातीचे पांघरूण

महाड-पोलादपूरच्या माणसाला पाऊस म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पुणे शहरात वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या सुमारे चौपट. या पावसाने मातीचे काय होते हे समजून घ्यावयाचे असेल तर जुलै महिन्यात एकदा आपल्याच घराच्या भिंतीकडे नीट पाहावे. जोत्यापासून हात-दीड हात उंचीपर्यंत मातीचे तांबूस शिंतोडे उडालेले दिसतात. भिंत खराब झाली असे म्हणून आपण हळहळतो आणि दिवाळीच्या आधी चुन्याचा हात मारून मोकळे होतो. परंतु भिंतीवर जेवढी माती चढली त्याच्या कितीतरी पट माती गटारातून, वहाळातून गांधारी-सावित्रीकडे वाहून गेली, हा त्या शिंतोड्यांचा खरा अर्थ होय. भिंतीलगत जेथे गवत किंवा बारीक पाल्याची वेल पसरलेली असते, तेथील भिंत मात्र पुष्कळशी स्वच्छ राहते. हा फरक कशामुळे पडतो, आणि तो आपल्याला मुद्दाम कसा घडवून आणता येईल, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

बाग म्हटली की गुलाब, जास्वंद, मोगरा, अबोली यांचीच नावे आपल्या तोंडी येतात. झाडे उंच असावीत, फुले डोळ्यांत भरावीत अशी आपली अपेक्षा असते. त्यांच्या पायथ्याशी असलेली जमीन आपण खराट्याने झाडून लख्ख ठेवतो आणि त्यालाच टापटीप समजतो. उन्हाळ्यात हे ठीक आहे. पण सावलीच्या कोपऱ्यात, विहिरीच्या कडेला, न्हाणीच्या पाटाजवळ, मागच्या परसात, जेथे जमीन बारा महिने ओलसर असते, तेथे उघडी माती पावसाळ्यात चिखल होते आणि हिवाळ्यात शेवाळ धरते. अशा जागेसाठी जमिनीला चिकटून सरपटत वाढणाऱ्या लहान वनस्पती हा उत्तम उपाय आहे.

थेंबाचा मार

पावसाचा मोठा थेंब जमिनीवर येताना ताशी सुमारे तीस किलोमीटर वेगाने आदळतो. एका थेंबाचे वजन ते काय! पण एका सरीत असे असंख्य थेंब एकाच जागी मार देतात. त्या आघाताने मातीची ढेकळे फुटतात व तिचे बारीक कण उडतात. उडालेले कण पुन्हा खाली बसताना मातीतील सूक्ष्म छिद्रांत जाऊन ती बंद करतात. वर एक पातळ, गुळगुळीत पापुद्रा तयार होतो. आता पाणी आत मुरावयास वाट राहत नाही. ते वरच्यावर धावू लागते आणि धावताना आणखी माती बरोबर नेते. म्हणूनच धो धो पाऊस पडूनही उघड्या अंगणात खणले, तर चार बोटे खाली माती कोरडी लागावी असा विरोधाभास कधी कधी दिसतो.

सरपटणारी वनस्पती येथे तीन कामे करते. पहिले, तिची पाने थेंबाचा मार आपल्या अंगावर घेतात आणि पाणी हळूच मातीवर उतरवितात. दुसरे, तिच्या दाट खोडांमुळे वाहत्या पाण्याचा वेग मोडतो. वेग मोडला की पाण्यातील गाळ तेथेच बसतो. तिसरे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या वनस्पतींच्या खोडाला प्रत्येक पेरापाशी मुळे फुटतात. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना जसे जवळ जवळ टाके घालीत, तसे हे एकेक पेर मातीला टाका घालीत पुढे जाते. गोधडीतला एक टाका उसवला तरी गोधडी सुटत नाही. तसेच एखादे पेर मेले तरी माती सुटत नाही.

मात्र येथेच एक मर्यादा सांगितली पाहिजे. या मुळांची पोच वीतभराच्या आसपासच असते. २००५ च्या जुलैत महाड आणि पोलादपूर तालुक्यांत दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. असे कडे कोसळणे ही खोलवरच्या खडक-मातीची आणि पाण्याच्या दाबाची गोष्ट आहे. अंगणातल्या वेलींनी ती थांबत नाही, आणि तसे कोणी सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या अंगणाचा, परसाचा, पाटाच्या काठाचा वरचा वीतभर थर जागेवर ठेवणे एवढेच या वनस्पतींचे काम आहे. पण पिकते ते त्याच वीतभर मातीत, हेही विसरून चालणार नाही.

ओलसर जमीन आणि तुंबलेली जमीन

लावणीपूर्वी आपली जमीन ओलसर आहे की तुंबलेली आहे, हे ठरवावे लागते. पुष्कळांची लागवड फसते ती हा भेद लक्षात न घेतल्यामुळे. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. मातीच्या कणांमधील सर्व जागा पाण्याने भरून राहिली की हवा संपते, मुळे गुदमरतात, काळी पडून कुजतात. अशा मातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो.

परीक्षा अगदी सोपी आहे. वीतभर रुंद आणि फूटभर खोल खड्डा खणावा, तो पाण्याने भरावा आणि सोडून द्यावा. दोन-चार तासांत पाणी मुरले तर जमीन चांगली. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसले तर जमीन तुंबणारी समजावी. अशा ठिकाणी एक तर लहानसा चर काढून पाण्याला वाट करून द्यावी, नाही तर पाण्यात पाय ठेवून जगणारीच वनस्पती निवडावी. आपल्याकडे माळावरची जांभ्याची माती पाणी लवकर सोडते, तर नदीकाठची गाळाची चिकण माती ते धरून ठेवते. एकाच गावात दोन घरांच्या अंगणांत वेगळी वनस्पती जगते, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

आपल्या ओळखीच्या चार-पाच

या कामासाठी रोपवाटिकेत जाऊन महागडी रोपे आणण्याची गरज नाही. शेताच्या बांधावर, पाणंदीत, विहिरीजवळ या वनस्पती आपण नेहमी तुडवीत जातो.

पहिला मान ब्राह्मीचा. पण ब्राह्मी कोणती? कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना येथे भाषेचीही एक गंमत दिसेल. आपल्याकडे साधारणपणे ब्राह्मी म्हणतात ती मंडूकपर्णी, शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. ती कोथिंबीर-गाजराच्या कुळातली आहे. गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराची, कडेला बारीक नक्षी असलेली पाने लांब देठावर उभी असतात आणि तांबूस धावत्या खोडाच्या पेरापेराशी नवा झुबका धरतात. बंगालमध्ये आणि केरळात मात्र ब्राह्मी म्हणजे दुसरीच वनस्पती. तिला आपण नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी म्हणतो. शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी. तिची पाने लहान, जाडसर, समोरासमोर जोडीने येणारी, आणि फूल फिकट निळसर-पांढरे, पाच पाकळ्यांचे. नाव एकच, पण कूळ वेगळे, रूप वेगळे आणि मुख्य म्हणजे गरजही वेगळी. मंडूकपर्णीला अर्धी सावली आणि मुरणारी ओल हवी. नीरब्राह्मीला ऊन हवे, पण तिच्या खोडात हवेच्या पोकळ्या असल्यामुळे ती उथळ पाण्यातही सुखाने राहते; किंचित खारे पाणीही तिला चालते. तेव्हा आंब्याच्या सावलीत मंडूकपर्णी आणि तुंबणाऱ्या उघड्या कोपऱ्यात नीरब्राह्मी, असा साधा नियम ध्यानात ठेवावा. रोप मागताना नुसते 'ब्राह्मी द्या' असे म्हणू नये. पान पाहून घ्यावे.

दुसरी जलपिंपळी, म्हणजे फायला नोडिफ्लोरा. तळ्याच्या आणि नदीच्या काठी, पाणी ओसरलेल्या जागेत हिचे गालिचे दिसतात. पानाच्या टोकाकडच्या अर्ध्या भागाला दाते असतात. आगकाडीच्या गुलासारखे लहानसे फूल आणि त्याभोवती पांढऱ्या-गुलाबी फुलांचे कडे, ही तिची खूण. ऊन असलेल्या ओल्या जागेसाठी हिच्याइतकी सोशिक वनस्पती थोडी. काही दिवस पाण्याखाली गेली तरी तग धरते, एकदा मूळ धरले की मे महिन्याची होरपळही सोसते, आणि थोडेफार पाऊल पडले तरी मोडत नाही. लहान फुलपाखरे व मधमाश्या हिच्यावर सतत असतात. परदेशांत काही ठिकाणी हिरवळीच्या गवताऐवजी हिचीच लागवड केली जाते.

तिसरी आंबुटी किंवा आंबोशी, संस्कृतात चांगेरी. हृदयाच्या आकाराची तीन पाने, पिवळे फूल आणि जिभेवर आंबट चव. ही चव ऑक्झॅलिक आम्लाची. रात्री पाने मिटून घेण्याची हिची सवय मुलांना दाखविण्यासारखी आहे. कुंड्यांच्या मधल्या फटीत, फरशीच्या कडेला ही आपोआप पसरते. शेंगा तडकून बी दूर उडते, म्हणून भाजीच्या वाफ्याजवळ मात्र तिला आवरून ठेवावे लागते.

चौथी दूर्वा, म्हणजेच हरळी. उतारावर, बांधावर, पायवाटेच्या कडेला माती धरून ठेवण्यात हिचा हात धरणारे कोणी नाही. परंतु हिला ऊन पुरेपूर लागते. झाडाच्या गच्च सावलीत ती विरळ होत जाते. शिवाय तिची खोडे जमिनीखालूनही धावतात. गणपतीला प्रिय असली तरी शेतकरी हिच्यावर का चिडतो, हे ज्याने एकदा वाफ्यातून हरळी काढली आहे त्यालाच कळते. म्हणून ती मोकळ्या उतारावर लावावी, वाफ्यांच्या मध्ये नव्हे.

यांखेरीज चिकण मातीत पसरणारी, उंदराच्या कानासारख्या पानाची उंदीरकानी आहे. स्वयंपाकघराच्या मोरीजवळ पुदिना आहे. मंडूकपर्णी, उंदीरकानी, जलपिंपळी ही नावे एकापुढे एक ठेवून पाहावीत. बेडूक, उंदीर आणि पाणी. ज्याने ही नावे ठेवली त्याने पानाचा आकार आणि राहण्याची जागा दोन्ही बारकाईने पाहिली होती. ही नावे आपल्या बोलण्यातून गेली की त्यांबरोबर ते पाहणेही जाते.

एक पाहुणी वेल

अलीकडे शहरांतून, रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि बंगल्यांच्या कुंपणांपाशी गर्द हिरव्या, तकतकीत, तीन खंडांच्या पानांची आणि सूर्यफुलाच्या लहान भावंडासारख्या पिवळ्या फुलांची एक वेल सर्रास दिसते. बागवाले तिला वेडेलिया म्हणतात; शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. ती लवकर पसरते, बारमाही फुलते, तिला रोग-कीड फारशी लागत नाही, आणि एक काडी खोवली की पुरे. ओल्या जमिनीसाठी याहून चांगले काय हवे, असे कोणालाही वाटेल.

पण तिची मूळ भूमी उष्ण कटिबंधीय अमेरिका. तेथे तिला आवर घालणारे सोबती आहेत, येथे नाहीत. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या सजीवांची जी यादी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केली आहे, तीत या वेलीचे नाव आहे. तिची छाटणी करून आपण काड्या गटारात टाकतो. पुराचे पाणी त्या काड्या खालच्या ओढ्यात नेते. तेथे प्रत्येक पेर नवे बेट धरते आणि जलपिंपळी, नीरब्राह्मी यांची जागा घेते. पुराच्या मुलुखात तर हा धोका अधिकच. शोभेसाठी आणलेल्या वनस्पतींचा असा अनुभव आपल्याला नवा नाही. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेतले फूलझाड म्हणूनच भारतात आली; जलपर्णीही त्याच शतकाच्या अखेरीस तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने आणली गेली. आज रानात घाणेरी आणि तळ्यांत जलपर्णी काढता काढता माणसे थकली. वेडेलिया आधीच लावलेली असेल तर ती मुळासकट काढावी, काड्या उन्हात कडक वाळवून मगच जाळाव्यात, आणि ती जागा आपल्याकडच्या वनस्पतीला द्यावी.

लावणी कशी करावी

वेळ साधणे हे अर्धे काम होय. ऐन आषाढात लावलेल्या काड्या मूळ धरण्याआधीच वाहून जातात. पावसाचा जोर ओसरल्यावर, पूर्वा-उत्तरा नक्षत्रांच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरात लावणी करावी. माती ओली व उबदार असते, अधूनमधून ऊन पडते आणि थंडीपूर्वी मुळांना दोन महिने मिळतात. ज्यांना हाताने पाणी घालणे शक्य आहे त्यांनी मेच्या आरंभीच लावून पावसापूर्वी मूळ धरू दिले तरी चालेल.

प्रथम जागेतील हरळीची खोडे आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. एक गाठ राहिली तरी लव्हाळा परत येतो. मग माती चार बोटे मोकळी करावी. फार खोल खणू नये. ओल्या मातीची खोल खणणी केली की तिची घडी मोडून चिखल होतो. चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळावे, आणि माती चिकण असेल तर थोडी जाड वाळूही. त्यानंतर दोन-तीन पेरे असलेल्या तीन-चार इंचांच्या काड्या घेऊन, एक पेर मातीखाली आणि शेंडा वर, अशा आडव्या लावाव्यात. दोन काड्यांत वीतभर अंतर ठेवावे. या हिशेबाने एका चौरस मीटरला सुमारे वीस काड्या लागतात. तळव्याने माती दाबून घ्यावी, म्हणजे पेर आणि माती यांत पोकळी राहत नाही. मधल्या उघड्या जागेवर भाताचा पेंढा पातळ अंथरावा.

दहा-पंधरा दिवसांत नवी पाने दिसू लागतात. पुढचे तीन महिने मात्र कसोटीचे. वेलींचे अंथरूण जुळेपर्यंत मधल्या जागेत तण उगवतेच. ते दर आठवड्याला हाताने उपटावे लागते. एकदा अंथरूण जुळले की तणाला ऊनच मिळत नाही आणि काम निम्म्यावर येते. ये-जा करण्यासाठी मध्ये जांभ्याचे चिरे पावलागणिक बसवावेत. रोजची वर्दळ दूर्वा सोडली तर कोणालाच सोसत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कडा छाटाव्यात, आणि एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांआड संध्याकाळी पाणी द्यावे.

काही शंका नेहमी विचारल्या जातात. अशा वेलींत साप-विंचू राहतील का? चार बोटे उंचीच्या पाल्यात साप लपून राहील अशी शक्यता कमी. तरी भिंतीलगत व दारापुढे एक फूट पट्टा मोकळा ठेवावा आणि रात्री दिवा घेऊनच जावे. डास वाढतील का? डासांची अंडी साचलेल्या पाण्यात होतात, पानांवर नव्हे. करवंट्या, फुटके डबे, टायर काढून टाकावेत. गोगलगायी मात्र येतात. त्या रात्री हाताने वेचाव्यात. पुराच्या किंवा उंदरांचा वावर असलेल्या चिखलात काम करताना पायांत गमबूट असावेत आणि जखम झाकलेली असावी, कारण उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो. आणि सांडपाण्याजवळ किंवा पुराच्या गाळात वाढलेली ब्राह्मी औषधी म्हणून तोंडात घालू नये. जे जमिनीत असते ते पानात उतरते.

काठ आणि पाणी

हे सारे वाचून कोणी म्हणेल, अंगणातल्या वीस काड्यांनी काय होणार? याचे उत्तर आपल्या गावाच्या मधोमध आहे.

चवदार तळ्याचे नावच त्याच्या पाण्याच्या चवीवरून पडले. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने हे तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तेथे जाऊन ओंजळभर पाणी प्यायले तेव्हा गावातील सवर्णांनी त्यांच्या माणसांना मारहाण केली, आणि पुढे शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून त्या पाण्याचे 'शुद्धीकरण' केले. हक्काचा निवाडा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली झाला, तो अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने. माणसाच्या स्पर्शाने पाणी बिघडते ही समजूत किती खोटी होती हे आज सांगावे लागू नये. पाणी खरोखर कशाने बिघडते, हे मात्र अजून सांगावे लागते. ते काठावरून उतरणाऱ्या गाळाने, कचऱ्याने आणि सांडपाण्याने बिघडते. तळे असो वा नदी, तिचे पात्र म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या अंगणांचे उतरते टोक. २०२१ च्या महापुरानंतर सावित्रीचा गाळ उपसण्याचे काम हाती घ्यावे लागले. त्या गाळात डोंगराची माती होती, शेतांची होती, रस्त्यांच्या कामांची होती, आणि थोडी आपल्या अंगणांचीही होती.

पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, हे या गावातून साऱ्या देशाने ऐकले. त्या हक्काबरोबर येणारे काम मात्र ज्याचे त्याने आपल्या दाराशी करावयाचे आहे. आपल्या महाविद्यालयाच्या आवारातही पागोळीखालच्या जागा दर पावसाळ्यात उघड्या पडतात, आणि जुलैत त्यांच्या मागची भिंत शिंतोड्यांनी माखते. प्रत्येक वर्गाने येत्या सप्टेंबरात एकेक चौरस मीटर घेतला, तर वर्गामागे वीस काड्या आणि एका रविवारची सकाळ एवढाच खर्च येईल. पुढच्या जुलैत त्या भिंतीकडे पाहून कोणत्या वर्गाचे काम जमले हे कोणालाही सांगता येईल. परीक्षकाची गरज पडणार नाही.